शिंजुकू स्टेशनजवळ रामेन: आधी गेट ठरवा, मग वाडगा

प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात तोक्योला येतोय, हॉटेल निशी-शिंजुकूत आहे. सोबत बायको (अंडं चालतं, मांस-मासे अजिबात नाही), दहा वर्षांची मुलगी आणि वडील, ज्यांना रक्तदाब आहे. एका रात्री निशी-कासाईला मावसभावाकडे मुक्काम. शिंजुकू स्टेशनजवळ चांगलं रामेन (सूपातल्या जपानी नूडल्स) नेमकं कुठे खावं? इंटरनेटवरच्या याद्या वाचून डोकं फिरलंय. आणि इचिरानसारख्या साखळी दुकानात गेलो तर लोक हसतील का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो: कोणी हसत नाही. बाकीचं उत्तर लांब आहे. मी इथल्या रामेनच्या दुकानांत बरीच वर्षं नूडल्स उकळल्यात आणि हाडं ढवळलीत, त्यामुळे मला जे दिसतं ते काउंटरच्या आतून दिसतं. त्या याद्या लिहिणारे बाहेरच्या रांगेत उभे असतात, हाच काय तो फरक.

पहिली अडचण अशी की ‘शिंजुकू स्टेशनजवळ’ हा पत्ताच होत नाही. गिनीजच्या नोंदीप्रमाणे हे जगातलं सर्वांत गजबजलेलं स्टेशन. कोरोनाच्या आधी रोज सरासरी ३५ लाखांच्या आसपास माणसं इथून ये-जा करत. जेआर (जपान रेल्वे), ओदाक्यू, केइओ, तोक्यो मेट्रो आणि तोएइ अशा पाच संस्थांच्या गाड्या इथे येतात, आणि बाहेर पडायच्या वाटा २०० हून जास्त आहेत. चुकीच्या गेटमधून बाहेर आलात की समोर दिसणाऱ्या इमारतीपर्यंत पोहोचायला पंधरा मिनिटं जमिनीखाली फिरावं लागतं, आणि तोवर वडील एखाद्या खांबाशी बसून घेतात. २०२० च्या जुलैत जेआरच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंना जोडणारा मोकळा रस्ता झाला. त्याआधी या बाजूहून त्या बाजूला जायला तिकीट तरी काढावं लागे नाहीतर मोठा वळसा घ्यावा लागे. पश्चिमेला मात्र ओदाक्यूचं जुनं डिपार्टमेंट स्टोअर पाडून नवा मनोरा उभा राहतोय. पत्रे आणि पाट्या सतत हलतात. गेल्या वर्षीच्या कुणाच्या व्हिडिओतली वाट यंदा तशीच सापडेल असं धरू नका. म्हणून दुकान निवडायच्या आधी दिवसाच्या शेवटी कोणत्या बाजूला असणार आहात ते ठरवा: दक्षिण, पश्चिम की पूर्व. एका बाजूचं बरं दुकान दुसऱ्या बाजूच्या नावाजलेल्या दुकानापेक्षा थकलेल्या माणसाला चांगलं लागतं.

दुसरं ठरवायचं ते सूप. आपल्याकडचे लोक ‘मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) घेऊ की शोयू (सोया सॉस)’ असं विचारतात, पण हे फक्त तळाशी टाकलेल्या खारट अर्काचं नाव आहे. त्याला ‘तारे’ म्हणतात आणि तो वाडग्यात आधी पडतो. त्यावर ओततात ते सूप ही वेगळी गोष्ट, आणि पोटाला जड की हलकं हे तेच ठरवतं. हाडं मंद आचेवर, उकळी फुटू न देता ठेवली की सूप पारदर्शक राहतं. तीच हाडं धो-धो उकळली की चरबी आणि जिलेटिन पाण्यात मिसळून सूप दुधट, घट्ट होतं. पहिल्याला चिंतान म्हणतात, दुसऱ्याला पाइतान. डुकराच्या हाडांचं पाइतान म्हणजे तुम्ही ऐकलेलं तोंकोत्सु, आणि कोंबडीचंही पाइतान होतं. तिसरं घराणं सुक्या माशांचं. निबोशी म्हणजे वाळवलेले छोटे मासे, त्यांची कडवट, समुद्री चव सगळ्यांना झेपत नाही. कोकणातल्या घरात सुक्या बांगड्याच्या वासावर वाढलेल्याला मात्र ती पहिल्या घोटातच ओळखीची वाटते.

आता दक्षिण बाजू. माझ्या मते शिंजुकूत एकच वाडगा खायचा असेल तर तो इथे खावा. दक्षिण गेटमधून बाहेर पडून कोश्यू-काइदो हा मोठा रस्ता ओलांडला आणि योयोगीच्या बाजूला पाच-सात मिनिटं चाललं की फूउन्जी लागतं. हे त्सुकेमेनचं दुकान आहे. त्सुकेमेनमध्ये नूडल्स वेगळ्या ताटलीत, थंड पाण्यात धुतलेल्या, आणि सूप छोट्या वाडग्यात दाट, गरम. नूडल्स त्यात बुडवून खायच्या. ही पद्धत रूढ केली यामागिशी काझुओ यांनी. १९५५ साली नाकानोच्या ताइशोकेनमध्ये त्यांनी ती ‘मोरीसोबा’ या नावाने ग्राहकांपुढे ठेवली आणि १९६१ मध्ये हिगाशी-इकेबुकुरोला स्वतःचं दुकान काढलं. स्वयंपाकघरातले लोक आपल्यासाठी उरलेल्या नूडल्स सूपमध्ये बुडवून खात, ते पाहून गिऱ्हाइकाने मागितलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. आज तोक्योतल्या निम्म्या त्सुकेमेन दुकानांची वंशावळ कुठे ना कुठे त्यांच्यापाशी जाते, असं आम्ही स्वयंपाकघरात म्हणतो. मोजणी कोणी केलेली नाही, पण म्हणतो.

फूउन्जीचं सूप कोंबडीचं पाइतान आणि माशांची दाशी (पातळ अर्क) यांचं मिश्रण, वर माशाच्या पुडीचा छोटा ढीग. पुडी एकदम ढवळून टाकू नका. पहिले दोन-तीन घास पुडीशिवाय खा, मग थोडी थोडी मिसळा. सूप प्रत्येक वेळी वेगळं लागतं. नूडल्स जाड आहेत, त्यांना चावण्याचं काम दातांवर सोडा. शेवटी वाडग्यात उरलेलं दाट, खारट सूप तसंच पिऊ नका. काउंटरवर पातळ दाशीचं भांडं असतं किंवा मागितल्यावर मिळते, ती घालून सैल करून प्यायचं. याला सूपवारी म्हणतात. ती न करता उठणारा माणूस जेवणाचा शेवटचा भाग ताटात सोडून जातो.

बसायला फक्त काउंटर आहे, पंधराएक जागांचं, आणि रांग दुकानाच्या आतही तुमच्या पाठीशी उभी असते. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं. पण रांगेला घाबरायचं कारण नाही. तिचा हिशोब सोपा आहे. इथे माणूस दहा-बारा मिनिटांत उठतो. पंधरा जागा आणि पुढे तीस माणसं म्हणजे दोन फेऱ्या, अर्धा तास. याउलट आठ जागांच्या, बिअर आणि गप्पांच्या दुकानासमोर फक्त बारा माणसं दिसली तरी तासभर धरून चाला. रांगेच्या लांबीवरून चव कळत नाही, जागा किती आणि लोक किती वेळ बसतात एवढंच कळतं. याद्या लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं असतं तर बऱ्याच याद्या अर्ध्या झाल्या असत्या.

रांगेत उभं असतानाच कोणी येऊन तुमचं तिकीट मागेल. तेव्हा गोंधळू नका. त्सुकेमेनच्या जाड नूडल्स उकळायला सात-आठ मिनिटं, कधी त्याहून जास्त लागतात. तुम्ही बसल्यावर टाकल्या तर काउंटर रिकामं राहील, म्हणून तुमची जागा रिकामी व्हायच्या आधीच तुमच्या नूडल्स पाण्यात पडलेल्या असतात. याचाच अर्थ एकदा तिकीट दिलं की मागवलेलं बदलता येत नाही, आणि ‘मी पटकन समोरून काही घेऊन येतो’ म्हणून रांग सोडता येत नाही. तसंच घरातल्या एकाने रांग धरायची आणि बाकीच्यांनी शेवटी येऊन मिळायचं, ही आपली लाडकी पद्धत इथे अजिबात चालत नाही. बऱ्याच दुकानांच्या दारावर तसं लिहिलेलं असतं. चौघांनी चौघं उभं राहायचं.

हेही सांगून टाकतो: जितकी माणसं काउंटरवर, तितके वाडगे. दोघांत एक मागवून रिकामा वाडगा मागणं या छोट्या दुकानांत बसत नाही, कारण त्यांचा सगळा धंदा त्या स्टुलाच्या भाड्यावर चालतो. लहान मुलांसाठी काही ठिकाणी अर्धा वाडगा मिळतो. दहा वर्षांची भुकेली मुलगी साधा वाडगा आरामात संपवेल, फक्त त्सुकेमेनमध्ये मोठी मापं टाळा. रामेनच्या एका वाडग्यात कच्च्या नूडल्स साधारण १३० ते १५० ग्रॅम असतात, त्सुकेमेनमध्ये २०० च्या पुढे सुरुवात होते. ‘ओमोरी’ म्हणजे मोठं माप; बऱ्याच ठिकाणी त्याच किमतीत मिळतं म्हणून माणसं मोहात पडतात आणि मग घामाघूम होऊन बसतात. ताटात टाकून उठणं इथे वाईट दिसतं.

पश्चिमेला, तुमच्या हॉटेलच्या बाजूला, मेन्या मुसाशी आहे. ओताकिबाशी रस्त्याच्या तोंडाजवळ, निशी-शिंजुकू ७ चोमेत (चोमे म्हणजे वस्तीचा क्रमांक दिलेला भाग). आधुनिक रामेनच्या इतिहासात या दुकानाचं नाव चुकवता येत नाही. १९९६ साली ते आओयामाला सुरू झालं आणि १९९८ मध्ये शिंजुकूला आलं. त्याच १९९६ मध्ये नाकानोला आओबा आणि योकोहामाच्या बाजूला कुजिराकेन सुरू झाली. या तिघांना मिळून इथले लोक ९६ सालची पिढी म्हणतात. तोवर रामेन हे कामगारांचं, रात्री उशिराचं, तेलकट खाणं समजलं जाई. या लोकांनी मांसाचं सूप आणि माशांचं सूप वेगवेगळं शिजवून वाडग्यात एकत्र आणायला सुरुवात केली, दुकानं उजळ केली, आणि माणसं जोडीने, बायकामुलं घेऊन यायला लागली. मुसाशीने सूपात सान्मा या माशाचं निबोशी वापरलं, तेव्हा ते नवं होतं. आजही तिथे मांसाचा तुकडा मुठीएवढा येतो आणि नूडल्स झटकताना आचारी एकत्र आवाज देतात. थोडा तमाशा आहे, पण मुलीला मजा येईल. फूउन्जीपेक्षा जागा ऐसपैस, वडिलांना बरी. चव? आता शहरात यापेक्षा धारदार वाडगे बरेच आहेत. पण चार जणांचं कुटुंब, संध्याकाळ, पाय दुखतायत, हॉटेल जवळ: मी तुम्हाला इथेच पाठवेन; वहिनींच्या खाण्याचं पुढे सांगतो.

पूर्व बाजू म्हणजे काबुकिचो ही रात्रीच्या करमणुकीची वस्ती आणि गोल्डन गाय. गोल्डन गायच्या २०० हून जास्त इवल्याशा बारांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर ‘सुगोई निबोशी रामेन नागी’ आहे. जिना इतका अरुंद आणि उभा आहे की वरून कोणी उतरत असेल तर खाली थांबावं लागतं. वडिलांना नेऊ नका. देशभरातून आणलेल्या वीसहून जास्त प्रकारच्या निबोशींचं सूप, काळपट, कडसर, आणि त्यात जाड वळणदार नूडल्ससोबत एक-दोन रुंद पट्ट्या, वॉन्टनच्या पारीसारख्या मऊ. रात्री उशिरा, दोन पेग झाल्यावर हे सूप जे काम करतं ते दिवसा करत नाही. वहिनी आणि मुलगी झोपल्यावर तुम्ही एकटे गेलात तर ते दुकान तुम्हाला कळेल. परतीची शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुटते, पण तुमचं हॉटेल चालत गाठण्यासारखं आहे, त्यामुळे तुम्हाला चिंता नाही.

इचिरान याच बाजूला. फुकुओकाचं तोंकोत्सु, दोन्हीकडे लाकडी आडोसा, समोर पडदा, आणि कागदावर खुणा करायच्या: सूप किती दाट, लसूण किती, नूडल्स किती कडक. कागद परदेशी भाषांतही मिळतो. चव प्रत्येक वेळी तीच, हा त्यांचा गुण आणि तीच त्यांची मर्यादा. पहिल्यांदाच रामेन खाणाऱ्याला ते सोपं जातं. कुटुंबाला मात्र आडोशामागे एकेकटं बसवून काय मजा? एक गोष्ट तिथे शिकून घ्या: बारीक हाकाता नूडल्समध्ये पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्या मिनिटभरात शिजतात आणि सूपमध्ये तितक्याच लवकर मऊ पडतात. म्हणून त्या थोड्या देतात आणि संपल्या की उरलेल्या सूपात नव्या टाकून घ्यायच्या, त्याला काएदामा म्हणतात. त्यासाठी सूप राखून ठेवायला विसरू नका.

रामेन जिरोच्या शाखाही या भागात आहेत. डोंगराएवढा कोबी-मोड, लसूण आणि चरबी. तुम्ही नका जाऊ. पंचविशीतल्या पुतण्याला पाठवा.

मिशलॅं या फ्रेंच खाद्य-मार्गदर्शिकेची तारांकित नावं तुम्ही यादीत वाचली असतील. २०१५ च्या डिसेंबरात सुगामोच्या त्सुताला रामेनच्या दुकानांमधला जगातला पहिला तारा मिळाला. शिंजुकू-ग्योएन बागेजवळचं कोन्जिकी होतोतोगिसु २०१९ च्या आवृत्तीत आलं. त्यांचं सूप शिंपल्यांचं, स्वच्छ आणि सुंदर आहे. गोवा-मालवणचे तिसरे आवडत असतील तर तुम्हाला ते फूउन्जीहून जास्त आवडण्याची शक्यता आहे. मुख्य स्टेशनपासून ते चालत लांब पडतं, मारुनोउची लाईनने शिंजुकू-ग्योएनमाए गाठायचं. बागेत पानं बघायला जाणार असाल, आणि नोव्हेंबरात जालच, तर त्या दिवशी जमवा.

नावं कुठलीही यादी बदलू शकते, म्हणून नाव नसलेलं दुकान बाहेरून कसं जोखायचं तेही सांगतो. दाराशी किंवा आत कोपऱ्यात रचलेले उथळ लाकडी अथवा प्लास्टिकचे खोके बघा. त्यावर नूडल्स बनवणाऱ्या कारखान्याचं नाव असतं. मिकावाया सेइमेन, आसाकुसा काइकारो अशी नावं दिसली तर दुकानदार नूडल्सवर पैसे खर्च करतोय. दुकान स्वतःच नूडल्स बनवत असेल तर पिठाची पोती दिसतील. मग वास घ्या: तोंकोत्सुच्या दुकानाला थोडा उग्र वास असतोच, पण निबोशीच्या दुकानाचा वास सुक्या माशाचा असावा, जुन्या तेलाचा नको. नूडल्स काढताना आचारी पाणी झटकतो त्याकडे लक्ष द्या. नूडल्सला चिकटलेलं पाणी सूपमध्ये गेलं की तासन्‌तास शिजवलेलं सूप फिकं होतं. ते जो आळसाने झटकतो त्याचं बाकीचं कामही तसंच असतं. आणि नूडल्सचा पिवळसर रंग बघून ‘अंडं असेल’ असं समजू नका. तो बहुधा कान्सुई नावाच्या क्षारयुक्त पाण्याचा असतो. त्यातले सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट नूडल्सना चिवटपणा आणि तो रंग देतात. काही ठिकाणी अंडंही घालतात, ते वेगळं.

आता वहिनींचं. इथे गोड बोलून उपयोग नाही, म्हणून स्पष्ट सांगतो. वर दिलेल्या एकाही दुकानाचा नेहमीचा वाडगा त्यांना चालणार नाही. मांस काढून द्या म्हटलं तर वरचा तुकडा काढतील, पण सूप सकाळपासून हाडांवर शिजलेलं असतं आणि तारेमध्ये बहुधा माशाची दाशी असते. ‘यासाइ रामेन’ म्हणजे भाज्यांचं रामेन. त्यातही भाज्या वर असतात आणि खाली डुकराचं सूप. मिसोचं तेच. अंडं चालतं म्हणून ‘फक्त अंडं आणि नूडल्स’ मागणाऱ्यांना एक गोष्ट कोणी सांगत नाही: ते मुरवलेलं तपकिरी अंडं, आजितामा, बऱ्याच स्वयंपाकघरांत मांस शिजवलेल्या सोया रसातच मुरतं. मी स्वतः ती अशी कितीतरी भरली आहेत. बिचाऱ्या शाकाहारी गिऱ्हाइकाने ते आनंदाने खाल्लेलं पाहणं बरं वाटत नाही.

म्हणून त्यांच्यासाठी खास बनवलेल्याच ठिकाणी जा. सर्वांत भरवशाचं म्हणजे तोक्यो स्टेशनमधलं टीज तानतान. मांस, मासे, अंडं, दूध यांपैकी काहीच नसलेलं तिळाचं तानतानमेन (मूळच्या सिचुआनी तिखट नूडल्सचा जपानी अवतार), आणि चव अशी की मांसाहारी जपानी लोक दुपारी तिथे रांग लावतात. शिंजुकूहून चुओ लाईनच्या रॅपिडने पंधराएक मिनिटं. मात्र हे दुकान जेआरच्या तिकीट गेटच्या आत, केइयो स्ट्रीटवर, यायेसू दक्षिण गेटच्या दिशेला आहे. शिंजुकूहून गाडीने आलात की गेटबाहेर न पडताच जेवा आणि मग बाहेर पडा, काही जास्त द्यावं लागत नाही. बाहेरून येत असाल तर प्लॅटफॉर्म तिकीट काढावं लागतं, दोन तासांचं. आत जाऊन त्याच स्टेशनवर सुइका या प्रवासाच्या प्रीपेड कार्डाने बाहेर पडायला गेलात तर, जेआरच्या ‘टच दे एकिनाका’ सोयीमुळे, प्लॅटफॉर्म तिकिटाएवढे पैसे कापले जातात. दोन तासांपेक्षा जास्त रेंगाळू नका एवढंच. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तिथेही विचारूनच मागवावं.

दुसरा पर्याय आफुरी. यांचं नाव युझू या लिंबूवर्गीय फळाच्या वासाच्या हलक्या, पारदर्शक रामेनसाठी आहे, पण व्हेगन वाडगाही ठेवतात. मूळ दुकान एबिसूला, शिंजुकूहून यामानोते लाईनवर चौथं स्टेशन. इथे तुम्ही युझू-शिओ (शिओ म्हणजे मिठाचा तारे) आणि वहिनी व्हेगन, असं एकाच टेबलाशी जमतं. वडिलांनाही हेच हलकं सूप त्यातल्या त्यात सोसवेल, पण रक्तदाबामुळे कोणत्याही दुकानात त्यांनी सूप संपवू नये. सूपासकट एका वाडग्यात सहा ग्रॅमच्या आसपास मीठ सहज असतं. जपानच्या आरोग्य खात्याने पुरुषांसाठी दिवसाला ७.५ ग्रॅमच्या आत आणि स्त्रियांसाठी ६.५ ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगितलंय, आणि जागतिक आरोग्य संघटना तर ५ ग्रॅमच्या आत म्हणते. सूप वाडग्यात सोडलं तर आचाऱ्याला राग येत नाही. नूडल्स सोडल्या तर येतो.

तिखटाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मराठी माणूस तिसऱ्या दिवशी विचारतोच. चुओ रॅपिडनेच कान्दा नावाच्या स्टेशनला उतरा, तिथे किकान्बो आहे. मिसो रामेन, आणि मागवताना दोन गोष्टींचं प्रमाण सांगायचं: ‘कारा’ म्हणजे मिरचीचा तिखटपणा आणि ‘शिबी’ म्हणजे जीभ बधिर करणारी झिणझिण. मिरचीत तुम्ही त्यांच्या चढ्या पायरीलाही टिकाल. शिबी मात्र जपून सुरू करा. ती येते सिचुआन मिरी आणि सान्शोमधून, आणि ही दोन्ही आपल्या तिरफळाच्याच कुळातली. बांगड्याच्या तिखल्यातली तिरफळं ज्याला आवडतात त्याने शिबी थोडी वाढवून घ्यावी; ज्याला ती काढून बाजूला ठेवायची सवय आहे त्याने ‘सुकुनामे’, म्हणजे कमी, सांगावं.

पैशांचं. साधा वाडगा आता ९०० ते १३०० येनच्या दरम्यान पडतो. १००० येनच्या वर रामेन विकायचं नाही, असा एक अलिखित धाक या धंद्यात होता. पीठ, हाडं, गॅस महागल्यावर तो मोडत चालला आहे. तिकिटाचं यंत्र दारात असतं. चित्र कळलं नाही तर डावीकडचं सर्वांत वरचं बटण दाबा, दुकानाचा मुख्य वाडगा बहुधा तिथेच असतो. जुनी यंत्रं फक्त १००० ची नोट आणि नाणी घेतात. त्यात २०२४ च्या ३ जुलैला नव्या नोटा आल्या, आणि यंत्र बदलायचा खर्च न झेपणाऱ्या दुकानांत अजूनही जुन्याच नोटा चालतात असं होऊ शकतं. एटीएममधून १०,००० ची नोट निघाली की कोनबिनीत (दिवसरात्र उघड्या छोट्या दुकानात) पाण्याची बाटली घेऊन मोडा. टिप ठेवायची नाही. ठेवलीत तर पोरगा तुमच्या मागे पळत येईल.

मोठ्या बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून या, काउंटरमागे पाय ठेवायला जागा नसते. वाडगा समोर आला की फोटो एक, आणि खायला सुरुवात. ओरपताना आवाज झाला तर होऊ द्या: वर तेलाचा थर असतो, तो सूप शेवटपर्यंत गरम राखतो, आणि हवा आत ओढल्याशिवाय तोंड भाजतं. वडिलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते तुम्हाला रागावणार नाहीत.

निशी-कासाईच्या रात्रीसाठी एक सोय आहे. शिंजुकूहून चुओ रॅपिडने नाकानो हे पुढचंच स्टेशन, पाचेक मिनिटांचं. तिथे वर उल्लेख केलेलं आओबा आहे, उत्तर बाजूच्या बाजारगल्ल्यांत. डुक्कर-कोंबडीचं आणि माशांचं सूप वेगळं शिजवून वाडग्यात एकत्र केलेलं, तीस वर्षांपूर्वीची नवलाई, आता साधी आणि स्थिर. आणि नाकानोहूनच तोझाइ लाईन सुटते, जिची लोकल निशी-कासाईला थेट जाते (रॅपिड तिथे थांबत नाही). बदलाबदली नाही, बऱ्याच गाड्या इथूनच सुटत असल्याने वडिलांना बहुधा जागा मिळते. मावसभावाला आधी कळवून ठेवा की वहिनी सोडून तुम्ही सगळे खाऊन येताय, नाहीतर त्याच्याकडे सगळ्यांसाठी वरणभात मांडलेला असेल आणि वहिनी तेवढ्या जेवतील.